गल्ला म्हणजे कौल नव्हे

गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग, म्हणजे चित्रव्यवसायाच्या भाषेत ‘सिक्वेल’, फसला की त्यावरील चर्चा दोन ठरावीक वाटांनी जाते. निर्माते आणि वितरक सांगतात की प्रेक्षक आले, त्यांनी पैसे मोजले आणि शेवटची नामावली येईपर्यंत ते खुर्चीत बसून राहिले, तेव्हा त्यांना हेच हवे होते आणि हवे ते पुरवणे हा धंद्याचा धर्मच आहे. अभिरुचीची चिंता वाहणारे समीक्षक नेमकी हीच वस्तुस्थिती उचलतात आणि प्रेक्षकाची रुचीच रसातळाला गेल्याचा निष्कर्ष काढतात. एक पक्ष प्रेक्षकाला मालक म्हणतो आणि दुसरा त्याला अडाणी ठरवतो, तरीही दोघांच्या युक्तिवादाचे गृहीतक एकच आहे: तिकिटाची विक्री आणि खुर्चीतील उपस्थिती ही पसंतीची साक्ष होय. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावर आहे. तिकीट काढणे, मित्रांबरोबर चित्रपटगृहात जाणे आणि अखेरपर्यंत बसून राहणे या तीन कृतींपैकी एकीतही दुसऱ्या भागाबद्दलचे मत व्यक्त होत नाही, आणि म्हणून त्या कृतींवर उभारलेले समर्थन आणि धिक्कार दोन्ही निराधार ठरतात.

पहिली कृती तिकीट काढण्याची. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंची जी विभागणी मांडली, ती येथे उपयोगी पडते. काही वस्तूंचा दर्जा खरेदीपूर्वी पारखता येतो, जसे साडीचा पोत आणि रंग दुकानातच पाहता येतात. काही वस्तूंचा दर्जा मात्र त्या वापरल्यावरच कळतो आणि अशा वस्तूंना अनुभववस्तू म्हणतात. चित्रपट ही अनुभववस्तूच आहे, कारण तो पाहण्यापूर्वीच त्याची पूर्ण किंमत चुकवावी लागते आणि पाहून झाल्यावर तो परत करता येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी विकले गेलेले प्रत्येक तिकीट हे अपेक्षेचे मोजमाप असते, अनुभवाचे नव्हे. नव्या कथेच्या बाबतीत ही अपेक्षा जाहिरातीतून, कलावंतांच्या नावांतून आणि गाण्यांतून घडवावी लागते, तर सिक्वेलच्या बाबतीत ती आधीच तयार असते, कारण पहिल्या भागाने कमावलेली पत दुसऱ्या भागाच्या खात्यावर आपोआप जमा होते. दुसऱ्या भागाचा पहिल्या आठवड्याचा गल्ला म्हणजे बहुतांशी पहिल्या भागाला उशिरा मिळालेली दाद असते, आणि ती दाद दुसऱ्याने आपल्या नावावर लावून घेणे हा हिशेबातील सरळ घोटाळा आहे.

मराठी चित्रपटातील एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू, त्याला दिलीप प्रभावळकरांनी दिलेला आवाज, रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भाबडा, घाबरट लक्ष्या अशी त्याची रचना होती. चित्रपटाची गंमत एकट्या बाहुल्यात नव्हती, तर दुष्ट बाहुला आणि भित्रा माणूस यांच्या विसंगतीत होती. ‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा बेर्डे यांच्या निधनाला आठ वर्षे उलटून गेली होती, कारण त्यांचा मृत्यू डिसेंबर २००४ मधला. साहजिकच नव्या कथेचा नायक लक्ष्याचा मुलगा झाला, बाहुला परतला आणि त्रिमिती तंत्राची भर पडली. तंत्राच्या दृष्टीने मराठीत हे धाडस होते आणि त्याचे श्रेय निर्मात्यांना दिलेच पाहिजे. पण ज्या विसंगतीवर मूळ चित्रपट उभा होता तिचे एक टोकच नाहीसे झाले होते आणि पडद्याबाहेर झेपावणारी दृश्ये त्या टोकाची जागा घेऊ शकत नव्हती. तरीही पहिल्या दिवशी आलेला प्रेक्षक लक्ष्याच्या आठवणीने आला, आणि नेमकी तीच गोष्ट पडद्यावर असणे शक्य नव्हते. या गर्दीला ‘दुसऱ्या भागाची मागणी’ म्हणणे म्हणजे आठवणीला मागणी समजणे होय. सचिन पिळगांवकर यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ या २००४ च्या चित्रपटात गणपतीपुळ्याचा प्रवास एसटीने होता आणि २०२४ मधील दुसऱ्या भागात तो कोकण रेल्वेने झाला. त्या चित्रपटाच्या गुणदोषांचा निवाडा येथे करायचा नाही, परंतु दुसऱ्या भागाच्या पहिल्या खेळाला आलेले कुटुंब एसटीतील जुन्या मंडळींना भेटायला आले होते, रेल्वेविषयी काही मत बनवून नव्हे, हे नाकारता येणार नाही.

दुसरी कृती सोबतीने जाण्याची, आणि तिचा विचार करताना महानगराच्या मध्यवस्तीतला एकटा, तिकिटाच्या ॲपवर शांतपणे तुलना करणारा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, मुंबई-नाशिक महामार्गावर वसलेले वडपे हे या दृष्टीने बोलके ठिकाण आहे. भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागांची. गेल्या काही दशकांत तिच्या भोवतीच्या गावांमध्ये गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि महामार्गावरच्या वडपे परिसरालाही मालवाहतुकीने व्यापले. वडपे ते ठाण्यातील माजिवडा हा सुमारे २४ किलोमीटरचा टप्पा महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने रुंदीकरणासाठी हाती घेतला, आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाल्यावर भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत थेट येणाऱ्या वाहनांचा भार याच पट्ट्यावर आला. अशा गावातील गोदामात पाळीने काम करणाऱ्या चार-सहा मित्रांना मोठ्या पडद्यावरचा चित्रपट पाहायचा तर बहुधा ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते. त्यासाठी सर्वांची सुट्टी एका दिवशी जुळवावी लागते, एक गाडी किंवा दोन-तीन दुचाकी ठरवाव्या लागतात, एकाच्या मोबाइलवरून सगळ्यांची तिकिटे काढून वर्गणी गोळा करावी लागते आणि वाटेतील रांजनोली, मानकोली नाक्यांवरची वाहतूक कोंडी गृहीत धरून दोन तास आधी निघावे लागते.

या टोळक्याची निवड कशी होते, हे पाहिले म्हणजे ‘त्यांनी सिक्वेल निवडला’ या विधानातील पोकळपणा लक्षात येतो. भिवंडी परिसरातील श्रमिकांत स्थानिक आगरी आणि कुणबी आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आहेत आणि यंत्रमागांमुळे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले तेलुगू भाषक पद्मशालीही आहेत. भाषा आणि आवड वेगवेगळी असलेल्या गटाला एका चित्रपटावर एकमत करायचे असेल, तर तो गट सर्वांना सर्वाधिक आवडणाऱ्या चित्रपटापाशी थांबत नाही, तर ज्याला कोणीच ठाम नकार देत नाही अशा चित्रपटापाशी थांबतो. पात्रे सर्वांच्या ओळखीची, कथा समजावून सांगण्याची गरज नाही आणि एकाच वेळी अनेक भाषांत प्रदर्शित झालेला, असा सिक्वेल या कसोटीला अचूक उतरतो. डिसेंबर २०२४ मधला ‘पुष्पा २’ हा तेलुगू चित्रपट हिंदीसह अनेक भाषांत एकाच वेळी पडद्यावर आला, यामागे हेच गणित होते. म्हणजे सिक्वेलची निवड कमाल पसंतीतून होत नाही, ती किमान विरोधातून होते, आणि किमान विरोधाला जनतेचा कौल म्हणण्याइतका भाबडेपणा निवडणुकीच्या बाबतीतही कोणी दाखवत नाही. शिवाय निवडीसाठी समोर असते तरी काय? भारतात सुमारे १० हजार पडदे आहेत आणि मोठा सिक्वेल आला की त्यांतील बहुतेक सोयीच्या वेळा तोच व्यापतो. मराठी चित्रपटाला बहुपडदा चित्रपटगृहांत संध्याकाळची वेळ मिळावी म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला, ही गोष्ट प्रेक्षकाच्या ‘मुक्त निवडी’विषयी पुरेसे सांगून जाते.

तिसरी कृती बसून राहण्याची, आणि वितरकांचा सगळा भर तिच्यावरच असतो. नाही आवडले तर उठून का गेले नाहीत, हा त्यांचा प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याची उत्तरे मानसशास्त्रात केव्हाच मिळालेली आहेत. पहिले उत्तर बुडीत खर्चाचे. जो पैसा कोणत्याही निर्णयाने परत मिळणार नाही तो बुडीत खर्च, आणि तर्काने पाहता पुढचा निर्णय घेताना तो विचारात घ्यायचा नसतो. माणूस मात्र तो विचारात घेतोच. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काहींना पूर्ण किमतीला आणि काहींना सवलतीत दिली गेली, तेव्हा पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात जास्त नाटकांना हजेरी लावली. नाटके सर्वांना तीच होती, फरक होता तो खर्चलेल्या पैशाचा. हजेरी वाढवली ती नाटकाच्या दर्जाने नव्हे, तर तिकिटाच्या किमतीने. महाग तिकीट काढलेला प्रेक्षक उठत नाही, याचा अर्थ एवढाच.

दुसरे उत्तर सोबतीचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक जेरी हार्वी यांनी १९७४ मध्ये एका कौटुंबिक सहलीवरून ‘ॲबिलीनचा विरोधाभास’ ही संकल्पना मांडली. टेक्सासमधील एका तापलेल्या दुपारी घरातील एकाने ॲबिलीन या ५३ मैलांवरील गावी जेवायला जाण्याचा प्रस्ताव मांडला, प्रत्येकाने दुसऱ्याला जायचे असेल असे समजून होकार भरला आणि घामाघूम होऊन परतल्यावर उघड झाले की जायचे कोणालाच नव्हते. एकेकट्या माणसाची नापसंती गटात शिरताच दडपली जाते आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या शांततेला संमती समजतो, हे त्याचे सार. कंटाळवाण्या चित्रपटाच्या मध्यंतरात चहा-समोशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मित्रमंडळींत हेच घडते. ज्याने चित्रपट सुचवला त्याचा हिरमोड नको म्हणून बाकीचे ‘पुढे पकड घेईल’ म्हणतात आणि सुचवणारा बाकीच्यांचा रस मोडू नये म्हणून गप्प राहतो. त्यात एका गाडीतून आलेल्या गटात एकट्याला उठून जाण्याचा मार्गच नसतो. वडप्याला परतायचे ते सर्वांनी मिळून, आणि बाहेर पडून महामार्गावर रात्री वाहन शोधण्यापेक्षा वातानुकूलित अंधारात तासभर काढणे सोयीचे असते. अशा उपस्थितीला आस्वाद म्हणणे म्हणजे एसटीच्या थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला थांब्याचा चाहता म्हणण्यासारखे आहे.

विशेष म्हणजे बसून राहणे आणि आवडणे यांतील हा फरक व्यवसायाला ठाऊक नाही असे मुळीच नाही. पीव्हीआर आयनॉक्स या देशातील सर्वांत मोठ्या चित्रपटगृह साखळीने डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली आणि गुरुग्राममधील निवडक पडद्यांवर ‘फ्लेक्सी शो’ नावाची योजना सुरू केली. तिकिटाला सुमारे १० टक्के जास्त मोजायचे, आणि चित्रपट अर्धवट सोडून बाहेर पडल्यास शिल्लक वेळेच्या प्रमाणात ३० ते ६० टक्के रक्कम परत मिळवायची, असा तिचा आराखडा होता. उठून जाण्याची सोय विकत घ्यावी लागते, याचा अर्थ ती एरवी उपलब्ध नसते. आणि जे एरवी उपलब्ध नाही त्याचा वापर केला नाही म्हणून प्रेक्षकाला संमतीदार ठरवता येत नाही. ज्या उद्योगाने ही योजना आखली त्याच उद्योगाच्या प्रवक्त्यांनी ‘प्रेक्षक उठून गेला नाही’ हा पुरावा म्हणून सादर करणे हा स्वतःच्याच कृतीचा इन्कार आहे.

या प्रतिपादनावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षित करून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की निकृष्ट चित्रपटाला बाजारच शिक्षा करतो, कारण तोंडी प्रसिद्धीने तो सोमवारी कोसळतो. हे अंशतः खरे आहे, आणि मोठ्या सिक्वेलचे सारे नियोजन ही शिक्षा चुकवण्यासाठीच केलेले असते. आगाऊ तिकीटविक्री, एकाच दिवशी हजारो पडदे आणि सुट्टीला जोडून आलेला शुक्रवार यांमुळे मत तयार होण्याआधीच गल्ल्याचा मोठा वाटा गोळा होतो. शंकर दिग्दर्शित, कमल हासन यांची भूमिका असलेला ‘इंडियन २’ जुलै २०२४ मध्ये, म्हणजे १९९६ च्या मूळ चित्रपटानंतर २८ वर्षांनी आला. प्रेक्षकांची नाराजी उघड होताच काही दिवसांत त्याची लांबी कमी करण्यात आली, आणि तरीही त्याच्या शेवटी तिसऱ्या भागाची झलक जोडलेली होतीच. दुसऱ्या भागाविषयी कोणाचेही मत कळण्यापूर्वी तिसऱ्याचे चित्रीकरण झालेले असेल, तर निर्मितीचा निर्णय प्रेक्षकाच्या मागणीवरून घेतला जातो हा दावा आपोआपच निकालात निघतो.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा आधार घेतो. भारतीय रसिकाला तेच ते पुन्हा पाहायला आवडते, रामकथा शतकानुशतके ऐकूनही त्याचे मन भरत नाही, तेव्हा सिक्वेल हा आपल्या परंपरेचाच विस्तार आहे, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद पुनरावृत्ती आणि पुढचा भाग या दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ करतो. संगीत नाटकांच्या काळात पदाला ‘वन्समोअर’ मिळे तो पद ऐकून झाल्यावर, ऐकणाऱ्यांच्या तोंडून आणि त्याच पदासाठी. म्हणजे तेथे अनुभव आधी, मागणी नंतर आणि मागणी करणारा रसिक, असा क्रम असे. सिक्वेलमध्ये मागणी निर्माता रसिकाच्या वतीने स्वतःच नोंदवतो आणि बदल्यात निराळेच काहीतरी देतो. नाटकात नटाला प्रेक्षागृहाची शांतता त्याच क्षणी ऐकू येते आणि पंचविसाव्या प्रयोगापर्यंत सैल प्रवेश घट्ट होतात. चित्रपटाला प्रेक्षकाच्या शांततेचा कान नसतो. म्हणूनच नाट्यपरंपरेतील पुनरावृत्तीचा दाखला सिक्वेलच्या बचावासाठी देणे उलटे अंगाशी येते.

तिसरा आक्षेप असा की उत्तम सिक्वेलही असतात, मग सरसकट टीका का? ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, हे नेहमीचे उदाहरण, परंतु मराठी वाचकाला त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’नंतर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके आली आणि १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी ती सलग, सुमारे नऊ तासांच्या प्रयोगात सादर केली. देशपांडे कुटुंबाची पुढची वर्षे, पिढीगणिक ढासळणारा वाडा आणि नात्यांचे बदललेले अर्थ सांगण्यासारखे शिल्लक होते, म्हणून पुढचे नाटक आवश्यक झाले. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ या २०१० च्या चित्रपटात एका दिवसापुरती भेट होती, २०१५ मध्ये लग्नाचा निर्णय आला आणि २०१८ मध्ये पालकत्व. हलक्याफुलक्या व्यावसायिक चित्रपटातही काळ पुढे सरकल्याने नवा प्रश्न उभा राहू शकतो, हे त्यातून दिसते. सिक्वेल हा प्रकार त्याज्य नाही. प्रश्न एवढाच की पुढचा भाग कथेने मागितला की पहिल्या भागाच्या यशाने, आणि हा प्रश्न निर्मात्याला विचारायचा आहे, प्रेक्षकाला नव्हे.

शेवटचा आक्षेप सर्वांत आपुलकीचा आहे: चित्रपट पडेल असला तरी मित्रांची मजा तर झाली, मग बिघडले कुठे? मजा झाली हे मान्य आहे, आणि परतीच्या वाटेवर ढाब्यावर बसून एकेका प्रसंगाची साले काढणे हा त्या दिवसाचा सर्वांत चांगला भागही असू शकतो. मात्र ती मजा मैत्रीने दिली, चित्रपटाने नव्हे, आणि तिचे श्रेय चित्रपटाच्या खात्यावर जमा करता येत नाही. उलट ढाब्यावरील ही चर्चाच खरी समीक्षा असते. मूळ भागातील कोणता प्रसंग का जमला होता, नव्यात नायक अकारण अजिंक्य का झाला, खलनायकाला हेतूच का नव्हता, हे प्रश्न तेथे कोणत्याही परिभाषेशिवाय आणि बहुधा अचूक विचारले जातात. तिकीटखिडकीच्या आकडेवारीत त्यांची नोंद होत नाही, एवढाच त्यांचा दोष.

अभिरुची घसरल्याचा निष्कर्ष काढणारा समीक्षक नेमका येथेच चुकतो. रुची खरोखर लोपली असती तर फसलेल्या सिक्वेलने कोणाचा अपेक्षाभंगच झाला नसता, कारण ज्याच्याजवळ मापदंड नाही त्याला उणीव जाणवत नाही. प्रेक्षक निराश होऊन बाहेर पडतो याचा अर्थ पहिल्या भागातले चांगले त्याने वीस-वीस वर्षे जपून ठेवले आहे आणि नव्या वस्तूला त्याच मापाने मोजण्याची क्षमता त्याच्यात शाबूत आहे. व्यवसायाला त्याचा कौल खरोखर जाणून घ्यायचा असेल, तर त्याने पहिल्या शुक्रवारचा गल्ला मोजणे थांबवून दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून परत आलेले प्रेक्षक मोजावेत आणि पुढच्या भागाची घोषणा त्या मोजणीनंतर करावी. तसे करण्याची तयारी नसेल तर पैसा कमावण्यासाठी सिक्वेल काढले असे सरळ सांगावे. व्यापारात ते गैर नाही. गैर आहे ते स्वतःच्या आळसाचे उत्तरदायित्व, दोन तासांचा प्रवास करून विश्वासाने आलेल्या माणसाच्या माथी मारणे.